ढाबळीत खाली काय अंथरावं?

प्रश्न : आमच्या गच्चीवर दहा फूट बाय आठ फुटांची ढाबळ आहे. जमीन कोब्याची, वर पत्रा, एका बाजूला जाळी. गिरेबाज आणि होमर मिळून तीस कबुतरं आहेत. उन्हाळाभर काही त्रास नसतो. जून लागला की खालची शीट चिकट होते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि दरवर्षी काही पिल्लं हगवणीनं दगावतात. खाली काय अंथरावं, याबद्दल जितकी तोंडं तितके सल्ले. कुणी वखारीतला भुसा सांगतं, कुणी भाताचं तूस, कुणी वाळू, कुणी चुना. यंत्रमागाचं वेस्ट सूत आणि साखर कारखान्याचा बगॅस तर आमच्याकडे सहज मिळतो. त्यातलं काय चालेल? की काहीच अंथरू नये?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी थेट उत्तर देतो, मग कारणं सांगतो. तुमच्या ढाबळीत ऑक्टोबर ते मे जमीन उघडी ठेवा आणि रोज सकाळी खरवडा. पावसाळ्याचे चार महिने जमिनीवर लाकडी रिपांची जाळी टाका, म्हणजे शीट खाली पडेल आणि पक्षी वर राहतील. रोज खरवडायला वेळच नसेल, तरच रंध्याच्या छिलक्यांची किंवा तुसाची गादी करा, आणि तीही फक्त कोरड्या महिन्यांत. वेस्ट सूत आणि बगॅस कितीही स्वस्त मिळाले तरी ढाबळीत आणू नका.

आता कारणं. कबुतराला झोपायला गादी लागत नाही. आपली सगळी पाळीव कबुतरं पारव्याच्या वंशातली आणि पारवा हा मुळात कड्याकपारीतला पक्षी. रात्री तो उंचावरच्या सपाट कठड्यावर बसतो. म्हणून ढाबळीतही कबुतरं भिंतीवरच्या फळ्या आणि खण यांच्यासाठी भांडतात, जमिनीसाठी नाही. जमिनीवर ती उतरतात ती दाण्यासाठी, पाण्यासाठी, घरट्याच्या काड्या उचलायला. तेव्हा ‘कबुतराला मऊ काय लागेल’ हा विचार बाजूला ठेवा. विचारायचं ते एवढंच, की जमिनीवर पडलेल्या शिटेतलं पाणी किती लवकर जाईल?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण पिल्लांची हगवण बहुतेक वेळा याच ओलाव्यातून येते. कबुतरांच्या आतड्यात कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी असतात. त्यांची बीजकोशासारखी अंडी शिटेतून बाहेर पडतात, तेव्हा ती निरुपद्रवी असतात. ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक ते दोन दिवसांत ती पक्की होतात आणि मग पोटात गेली तर रोग करतात. आपल्या पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी हजर असतात. रोज खरवडण्याला अर्थ आहे तो यामुळे. शीट चोवीस तासांत बाहेर गेली, तर बरीचशी अंडी पक्की होण्याआधीच गेलेली असतात. गोलकृमींच्या अंड्यांना पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पण त्यांनाही ओल हवीच. कोरड्या जागेत दोन्ही मंदावतात.

डोळ्यांना झोंबणारा वास अमोनियाचा. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. शिटेचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. कोरडं असेपर्यंत ते गप्प बसतं. ओलं झालं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. ढाबळीत वास येतो, याचा अर्थ कुठेतरी पाणी शिरतं आहे. त्यावर भुसा टाकून वास दबतो, पाणी तिथेच राहतं.

म्हणून पोती विकत आणण्याआधी पाणी येतं कुठून, ते शोधा. पत्र्याच्या खिळ्यांतून गळतं का? जाळीच्या बाजूनं पावसाची झड येते का? पाण्याचं भांडं जमिनीवर आहे का? कबुतर चोच बुडवून पाणी ओढतं आणि मान हलवून थेंब उडवतं. तीस कबुतरांचं भांडं जमिनीवर असेल, तर आजूबाजूचा हातभर भाग दिवसभर ओला राहतो. भांडं विटांवर ठेवा, खाली जाळी घातलेला ट्रे द्या. आंघोळीची परात ढाबळीबाहेर गच्चीवर ठेवा. जाळीच्या बाजूला पावसाळ्यापुरतं छज्ज्यासारखं पुढे आलेलं आच्छादन बांधा, पण वरची फट उघडी ठेवा. ढाबळ ताडपत्रीनं पूर्ण गुंडाळली तर बाहेरचा पाऊस थांबेल, आतली वाफ मात्र कोंडेल.

प्रश्न : मग अंथरायच्या वस्तूंत फरक काय? कुठली कशासाठी?

उत्तर : एकेक वस्तू घेऊ.

रंध्याच्या छिलक्या. सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या पातळ, वळलेल्या साली गादीसाठी सगळ्यांत चांगल्या. त्या पाणी शोषतात, मधे हवा राहते आणि धूळ कमी असते. मात्र साध्या, बिनरंगाच्या लाकडाच्या हव्यात. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायनं असतात, वाळवीचं औषध मारलेल्या लाकडातही विष असतं. तीव्र वासाची तेलकट लाकडंही टाळा, त्यांच्या वाफा पक्ष्यांच्या श्वासनलिकेला त्रास देतात.

करवतीचा बारीक भुसा. नको. कबुतर उडताना पंखांचा झोत सरळ खाली मारतं. तीस कबुतरं एकदम उठली की बारीक भुसा धुरळ्यासारखा हवेत जातो, डोळ्यांत आणि फुप्फुसांत शिरतो. ओला झाला तर त्याचे गठ्ठे होतात.

भाताचं तूस. भातगिरणीजवळ राहणाऱ्यांना स्वस्त आणि सोयीचं. तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून ते लवकर कुजत नाही. छिलक्यांइतकं पाणी मात्र शोषत नाही आणि हलकं असल्यानं कोपऱ्यांत ढीग होऊन मधली जमीन उघडी पडते. आणल्यावर चाळून घ्या. त्यात कण्या राहिल्या तर उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, आणि दोघांनाही अंडी आणि पिल्लं आवडतात. उंदरांच्या लेंड्या आणि मूत्र यांतून साल्मोनेलाही ढाबळीत शिरतो.

पेंढा आणि गव्हाचं काड. घरट्यात मूठभर उत्तम, जमिनीवर वाईट. काडाच्या पोकळीत ओल टिकते आणि ॲस्परजिलस बुरशी वाढते. तिचे बीजाणू पिल्लांच्या फुप्फुसांत गेले तर इलाज अवघड होतो. भुईमुगाची टरफलंही याच बुरशीच्या भीतीनं नकोत.

बगॅस. तुमच्या भागात सगळ्यांत मोठा मोह याचाच. पण त्यात थोडी साखर उरलेली असते. ओल लागली की ते आंबतं, बुरसतं. बुरसलेल्या बगॅसची धूळ श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसांचा आजार वैद्यकशास्त्रात ‘बगॅसोसिस’ या नावानं नोंदलेला आहे. कबुतरपालकाच्या फुप्फुसांवर आधीच एक ओझं असतं, त्याबद्दल पुढे लिहितो. त्यात हे दुसरं घालू नका.

वेस्ट सूत, चिंध्या, सुतळी. अजिबात नको. धागा कबुतराच्या बोटांना गुंडाळला जातो, चालताना आवळत जातो, रक्त थांबतं आणि बोट सुकून गळून पडतं. शहरातल्या पारव्यांमध्ये बोटं तुटलेले पक्षी दिसतात, त्यामागे बऱ्याचदा धागे आणि केस असतात. घरट्यात धागा असेल तर पिल्लाचा पाय वाढत जातो आणि फास तसाच राहतो. तुमच्या गावात वाऱ्यानंही सूत उडून येतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्ष्याचे पाय बघण्याची सवय ठेवा.

वाळू. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात जाड, धुतलेली वाळू चांगली चालते. शीट तिच्यावर वाळते आणि चाळणीनं वेगळी करता येते. दोन अडचणी आहेत. कबुतरं दाणे दळण्यासाठी खडे टिपतात, ते घाणेरड्या वाळूतून टिपू लागतील. म्हणून स्वच्छ ग्रिट नेहमी वेगळ्या भांड्यात समोर हवं. आणि वाळू ओली झाली की लवकर सुकत नाही, तेव्हा पावसाळ्याआधी काढून टाका. समुद्राची वाळू घेऊच नका, तिच्यातलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं.

वर्तमानपत्राची रद्दी. आजारी पक्ष्याच्या पिंजऱ्यात, नव्या पक्ष्याला वेगळं ठेवताना आणि प्रवासाच्या करंड्यात हिच्यासारखं काही नाही. प्रत्येक शीट स्पष्ट दिसते, रोज गुंडाळून टाकता येते. पूर्ण ढाबळीत मात्र ती उडते, फाटते, भिजते.

प्रश्न : काही जुने शौकीन वर्षवर्ष खालचं काढत नाहीत आणि त्यांची कबुतरं ठणठणीत असतात. ते कसं?

उत्तर : ती गादी पद्धत. कोंबडीपालनात ती सर्रास वापरतात. शर्यतीच्या कबुतरांसाठी प्रसिद्ध असलेल्या युरोपातल्या काही ढाबळींतही कोरड्या गादीवर पक्षी ठेवतात. छिलक्यांचा दोन-तीन इंचांचा थर टाकायचा, शीट त्यात मिसळत जाते, वाळते, भुगा होते. तीन गोष्टी जुळल्या तरच हे चालतं : ढाबळ पूर्ण कोरडी हवी, हवा खेळती हवी आणि गर्दी नको. एका पक्ष्यामागे निदान दोन चौरस फूट जमीन धरा. तुमची ऐंशी चौरस फूट आणि तीस पक्षी हे प्रमाण ठीक आहे. पण विणीनंतर पिल्लं धरून आकडा पन्नासावर गेला, तर तीच गादी महिनाभरात हरते.

गादी कशी आहे हे मुठीत कळतं. मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, ते काढून टाका. गोळा हळूच सुटला तर ठीक, ओल वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे. काहीच चिकटलं नाही आणि धूळ उडाली तर गादी फार कोरडी झाली, आता पक्ष्यांना आणि तुम्हाला धुळीचा धोका आहे. आठवड्यातून दोनदा गादी खालीवर करा. फळ्यांखाली जिथे रात्रभर शीट पडते, तिथली रोज उचला. आणि गादी असताना दाणा जमिनीवर कधीही टाकू नका, तो गव्हाणीतच द्या. शिटेत पडलेला दाणा टिपणारं कबुतर रोगही टिपतं.

तरीही माझा कल उघड्या जमिनीकडे आहे, कारण गादी शीट लपवते. निरोगी कबुतराची शीट घट्ट, गोलसर, वर पांढरी टोपी असलेली, बऱ्याचदा एखादं बारीक पीस चिकटलेली असते. हिरवी पातळ शीट, पाण्याचं थारोळं, न पचलेला दाणा, रक्ताचा अंश हे सगळं उघड्या कोब्यावर सकाळी एका नजरेत दिसतं. पक्षी मलूल होऊन कोपऱ्यात बसायच्या एक-दोन दिवस आधीच कळलं, तर औषधाला वेळ मिळतो. कोणत्या फळीखाली काय पडलं आहे ते बघा, म्हणजे कोणता पक्षी तेही कळेल.

प्रश्न : रिपांची जाळी कशी करायची? तारेची जाळी चालेल का?

उत्तर : बारीक तार पायांना बोचते, तळव्यांना जखमा होतात आणि त्या सुजतात. लाकडी, बांबूच्या किंवा पोफळीच्या रिपा बऱ्या. कोकणात पोफळीच्या रिपा मिळतात, त्या पाण्याला टिकतात. रीप पाऊण-एक इंच रुंद घ्या, दोन रिपांत साधारण एक इंच फट ठेवा, कडा घासून गुळगुळीत करा. चौकटी लहान करा, एका माणसाला उचलून उन्हात टाकता येतील इतक्या. खाली आठ-नऊ इंच जागा सोडा, म्हणजे फावडं फिरेल. जाळीखालची घाण दिसत नाही म्हणून ती विसरू नका. पावसाळ्यात ती आठवड्यातून दोनदा ओढून काढा, नाहीतर अमोनिया खालून वर येईल. जाळी बसवताना घरट्यांचे खण वेगळे, भक्कम तळाचे ठेवा, कारण नुकतंच घरट्याबाहेर आलेलं पिल्लू फटीत पाय अडकवून घेतं.

प्रश्न : चुना टाकावा का?

उत्तर : विझवलेला चुना, तोही खरवडलेल्या कोरड्या जमिनीवर, चिमटीनं भुरभुरावा इतका पातळ. तो ओल ओढतो आणि मुंग्यांनाही अडवतो. लाल मुंग्या लहान पिल्लांना जिवंत खातात, त्यामुळे हे कमी महत्त्वाचं नाही. कळीचा चुना मात्र ढाबळीत आणू नका. पाणी लागताच तो तापतो आणि पाय, डोळे, चोच भाजून काढतो. ओल्या शिटेवर चुना टाकण्याची चूकही करू नका. चुन्यानं अमोनिया आणखी जोरात सुटतो आणि वास कमी होण्याऐवजी वाढतो.

प्रश्न : आणि घरट्यात काय घालावं?

उत्तर : मऊ काहीतरी लागतं ते इथेच. अंडी सतरा-अठरा दिवस उबतात आणि पिल्लू साधारण महिनाभर घरट्यात राहतं. स्टीलची वाटी किंवा गुळगुळीत प्लास्टिकचं भांडं दिलं, तर पिल्लाचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि ते कायमचं पंगू होतं. मातीचं पसरट भांडं घ्या, तळाशी थोड्या छिलक्या घाला आणि वरच्या काड्या कबुतरांनाच आणू द्या. नर एकेक काडी आणतो, मादी बसल्या जागी ती रचते. ढाबळीत एका कोपऱ्यात कडुनिंबाच्या वाळक्या काड्या, खराट्याचे हीर, थोडं काड ठेवा. तंबाखूचे वाळके देठ पिसवांना आणि उवांना दूर ठेवतात म्हणून अनेक देशांत घरट्यात घालतात. निपाणी तुमच्या जवळ आहे, देठ मिळतील. पण निकोटिन विषच आहे. दोन-चार कोरडे देठ पुरे, भिजलेले तर नकोतच.

पिल्लाच्या पायात कडी घालायची वेळ साधारण आठवड्यानं येते. त्याच वेळी घरटं बदला. त्यामागे कबुतरमाशीचं कारण आहे. पिसांतून सरसर सरकणारी ही चपटी तपकिरी माशी रक्त पिते आणि कबुतरांमध्ये मलेरियासारखा हिमोप्रोटिअसचा रोग पसरवते. तिचे काळे, गोल कोष घरट्याच्या गाळात, गादीच्या तळाशी आणि कोब्याच्या भेगांत पडतात. त्यातून नवी माशी निघायला तीन ते चार आठवडे लागतात. दर पंधरा दिवसांनी कोपरे आणि घरटी साफ केली, तर कोष फुटण्याआधीच बाहेर जातात. जमिनीतल्या भेगा सिमेंटनं बुजवा. या खर्चाचा उपयोग कोणत्याही भुशाच्या पोत्याहून जास्त आहे.

प्रश्न : वडिलांना वर्षभर कोरडा खोकला आहे. ढाबळीचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कबुतराच्या पिसांवरची पांढरी भुकटी आणि वाळलेल्या शिटेतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर काही माणसांच्या फुप्फुसांत ॲलर्जीची सूज येते. अमेरिकी डॉक्टरांनी 1965 मध्ये कबुतरपालकांमधल्या या आजाराचं वर्णन केलं. कधी तो ढाबळ झाडल्यावर चार-आठ तासांनी ताप, खोकला, धाप या रूपात येतो. कधी काहीच न कळता हळूहळू दम लागू लागतो, आणि तोपर्यंत फुप्फुस कडक होऊ लागलेलं असतं. डॉक्टरांना घरी कबुतरं आहेत हे कुणी सांगितलंच नाही, तर ते दुसरीकडे शोधत राहतील. निदान होईपर्यंत वडिलांना ढाबळीत जाऊ देऊ नका. आजार पक्का निघाला तर कबुतरांपासून दूर राहणं हाच मुख्य उपचार असतो, आणि तो मनाला कितीही जड गेला तरी करावा लागतो.

बाकीच्यांनी सफाई करताना एन-95 मास्क घट्ट बसवावा. साधा रुमाल पुरत नाही. ढाबळीचा सदरा आणि टोपी वेगळी ठेवा, ती घरात आणू नका. कोरडं झाडू नका. जमिनीवर आधी फवाऱ्यानं हलकं पाणी मारा, धूळ बसली की रंगाऱ्याच्या लोखंडी पट्टीनं खरवडा आणि मग दारं उघडून जमीन सुकू द्या. पाइप लावून ढाबळ धुणं पावसाळ्यात पूर्ण टाळा. दमेकरी आणि लहान मुलं यांना सफाईच्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

प्रश्न : काढलेल्या घाणीचं काय करावं?

उत्तर : गटारात किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामुळे कबुतरांच्या विष्ठेबद्दल लोकांच्या मनात धास्ती आहे, आणि ती निराधार नाही. शौकिनानं आपल्या पक्ष्यांची घाण स्वतः सांभाळली पाहिजे.

ती वाया जाणारी वस्तूही नाही. इराणमधल्या इस्फहानभोवती सफवी काळात मोठमोठे कबुतरमनोरे बांधले गेले ते मुख्यतः खतासाठी. टरबूज-खरबुजांच्या मळ्यांना ती विष्ठा जायची. शिटेत नत्र भरपूर असतं, म्हणूनच ती ताजी टाकली तर रोप करपतं. छिलक्या, तूस किंवा पालापाचोळा यांच्याबरोबर थर लावून झाकलेल्या खड्ड्यात किंवा पिंपात कुजवा, ओलसर ठेवा, मधूनमधून मास्क लावून खालीवर करा. तीन-चार महिन्यांत मातीसारखं काळं, बिनवासाचं झालं की कुंड्यांना आणि शेताला द्या. जवळ एखादा भाजीपाला पिकवणारा शेतकरी असेल, तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

आता मे महिना हाताशी असतानाच कामाचा क्रम लावून घ्या : पत्र्याची गळती, कोब्याच्या भेगा, पाण्याच्या भांड्याखालचा ट्रे आणि शेवटी रिपांच्या चौकटी. पहिली तीन कामं नीट झाली, तर चौथ्यावरचा बराच भार आपोआप उतरेल. यंदाच्या जूनमध्ये पिल्लांना हगवण लागलीच, तर शिटेचा ताजा नमुना घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया आणि कृमी लगेच दिसतात, आणि मग औषध अंदाजानं देण्याची वेळ येत नाही.